साखरेच्या बाजारात सरकार आहे, कोयत्यापाशी का नाही?

सरकारने बाजारात पडू नये, हे वाक्य हल्ली आपल्या वस्तीतल्या तरुणांच्या तोंडीही ऐकू येते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत १९९१ हे साल असे शिकवले जाते, की जणू त्याआधी देश कोठडीत होता आणि त्या वर्षी कुणीतरी कुलूप काढले. परवाना राज संपले, बाजार मोकळा झाला, आता ज्याच्या अंगात धमक असेल त्याने पुढे जावे. त्याच पुस्तकात दुसऱ्या एका धड्यात बाबासाहेबांचे नाव ‘राज्य समाजवाद’ या दोन शब्दांसह येते, एका गुणाच्या प्रश्नापुरते. ही दोन्ही उत्तरे पाठ करणाऱ्या मुलाला कुणी सांगत नाही की ती एकमेकांच्या विरोधात उभी आहेत.

हा वाद आम्हाला बीड जिल्ह्याच्या बांधावर आणून तपासायचा आहे. कारण उघड आहे. महाराष्ट्रातला ऊस तोडायला सगळ्यात मोठ्या संख्येने माणसे जातात ती या जिल्ह्यातून. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, परळी, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावेच्या गावे दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात. घरी म्हातारी माणसे उरतात आणि शाळेसाठी मागे ठेवलेली थोडी पोरे. बाकीचे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. सरकार आणि बाजार यांचे नाते या माणसांनी जितक्या जवळून पाहिले आहे तितके अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनीही पाहिलेले नसेल.

आधी साखरेचा बाजार मोकळा आहे का ते पाहू.

ऊस कारखान्याने किती भावाने घ्यायचा हे केंद्र सरकार ठरवते. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा, त्याखालचा ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. पूर्वी किमान वैधानिक भाव होता, २००९ पासून रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपण सगळे ज्याला एफआरपी म्हणतो तो आला. २०२४-२५ च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता, पुढच्या हंगामाला ३५५ झाला. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज, हेही त्या आदेशात लिहिलेले आहे. ऊस झाला, आता साखर. २०१८ च्या जूनमध्ये केंद्राने साखरेची किमान विक्री किंमत किलोला २९ रुपये ठरवली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत ती ३१ केली, म्हणजे कारखान्याने त्याखाली साखर विकायचीच नाही. बाहेरून स्वस्त साखर येऊ नये म्हणून आयात शुल्क. निर्यात किती करायची ती सरकारच्या परवानगीने. इथेनॉल पेट्रोलमध्ये किती मिसळायचे ते सरकार ठरवते, तेल कंपन्यांनी ते कोणत्या दराने घ्यायचे तेही सरकार ठरवते, आणि २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका रात्रीत निर्बंध आले तेही सरकारनेच आणले.

१९९८ साली साखर उद्योगाचा परवाना रद्द झाला, म्हणजे कागदावर कुणीही कारखाना काढावा. पण महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटरचे हवाई अंतर असले पाहिजे ही अट राहिली. स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी सांगावे, चहाची टपरी काढताना शेजारच्या टपरीपासून किती अंतर ठेवावे लागते? मोकळ्या बाजारात प्रतिस्पर्ध्याला २५ किलोमीटर लांब ठेवणारे सरकार मालकांना चालते. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सहकारी साखर कारखान्यांना उसापोटी दिलेल्या जादा रकमेवरच्या जुन्या प्राप्तिकराच्या वादातून सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळाला, तेव्हाही सरकारने बाजारात पडू नये असे कुणी म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही.

आम्ही यातल्या प्रत्येक गोष्टीच्या विरोधात आहोत असे कुणी समजू नये. उसाच्या शेतकऱ्याला कायद्याने भाव मिळतो हे बरोबरच आहे. कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतकऱ्याला तो तसा मिळत नाही, हे खरे दुखणे. आमचे म्हणणे एवढेच की साखरेत शेतापासून पेट्रोल पंपापर्यंत सरकार हजर आहे. मग या साखळीत ते गैरहजर आहे ती जागा कोणती? ती एकच आहे. ऊस उभा असतो आणि त्याच्या बुडाशी कोयता पडतो, ती.

ही गैरहजेरी कशी घडत गेली ते पाहायला थोडे मागे जावे लागेल.

नगर जिल्ह्यातल्या लोणीजवळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस गाळपाला सुरू झाला. त्याच्या यशानंतर पुढच्या तीन दशकांत राज्यभर कारखाने उभे राहिले. सहकाराचा इतिहास सांगताना शेतकऱ्यांच्या जिद्दीची गोष्ट सांगितली जाते. जिद्द होतीच. पण भागभांडवलात सरकारचा मोठा वाटा होता, कर्जाला सरकारची थकहमी होती, धरण सरकारने बांधले, कालवा सरकारने खोदला. मराठवाड्यापुरते बोलायचे तर पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी माजलगावपर्यंत आले आणि गोदावरी-सिंदफणेच्या खोऱ्यात ऊस आला, कारखाने आले. पैसा सगळ्या जनतेचा. पण कारखान्याचा सभासद कोण? ज्याच्या नावावर उसाची जमीन आहे तो. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याच्या करातून उभ्या राहिलेल्या कारखान्यात त्याला एक मत नाही, आणि चेअरमनच्या निवडणुकीत त्याचे काम फक्त सतरंज्या घालण्याचे.

आणि जमीन कुणाच्या नावावर नाही हे बीडमध्ये विचारायला नको. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान गेल्यावर १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा आला. कसणाऱ्या कुळाला संरक्षण मिळाले, काहींना जमीनही मिळाली, ती क्रांतीच होती. पण ज्याचे नाव ना मालक म्हणून लागले होते ना कूळ म्हणून, जो सालगडी होता, मजूर होता, बलुत्यावर जगत होता, त्याला त्या कायद्यात काय होते? महारांच्या, मांगांच्या, वडारांच्या वाट्याला जे आले ते गायरानाचे माळ, तेही भांडून. वंजारी, बंजारा समाजाच्या अनेक कुटुंबांकडे डोंगरातली हलकी कोरडवाहू जमीन होती, एका पिकाची, पाऊस चुकला की शून्य. ऊसतोडीला जाणाऱ्यांत बौद्ध आणि मातंग आहेत, वंजारी आणि बंजारा आहेत, धनगर आणि गरीब मराठेही आहेत. जात वेगवेगळी असली तरी कोयत्याची मूठ एकच, हे आपल्या चळवळीने अजून पुरते मनावर घेतलेले नाही.

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन ठेवले. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या पहिल्याच खंडात ते आहे. २६ नोव्हेंबरला व्यासपीठावरून घटना समितीतले शेवटचे भाषण सगळे उद्धृत करतात, हे निवेदन मात्र क्वचितच कुणी उघडते. त्यात बाबासाहेब काय मागतात? महत्त्वाचे आणि पायाभूत उद्योग सरकारच्या मालकीचे. विमा फक्त सरकारचा, आणि प्रत्येक प्रौढ माणसाला तो सक्तीचा. शेती हा सरकारी उद्योग. सरकारने जमीन मोबदला देऊन ताब्यात घ्यावी, त्याचे ठराविक आकाराचे मळे करावेत आणि गावातल्या कुटुंबांना जातपात न पाहता सामुदायिक कसायला द्यावेत. पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे सरकारने पुरवावे. गावात मालक नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको.

कूळ कायद्यांनी आणि जमिनींच्या एकत्रीकरणाने अस्पृश्यांचे काहीही होणार नाही, कारण ते मालकही नाहीत आणि कूळही नाहीत, नुसते मजूर आहेत, असे ते त्याच निवेदनात बजावून सांगतात. हैदराबादचा कूळ कायदा यायला तेव्हा तीन वर्षे बाकी होती. बीडमध्ये पुढे जे झाले ते या निवेदनात आधीच लिहून ठेवलेले होते.

पण आजच्या वादासाठी त्यातला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. सरकारने हात काढला की माणूस स्वतंत्र होतो, या समजाची बाबासाहेब चिरफाड करतात. सरकारने कामाचे तास ठरवले नाहीत तर ते मालक ठरवतो. सरकारने मजुरी ठरवली नाही तर मालक ठरवतो. नियम नाहीसे होत नाहीत, फक्त नियम करणारा बदलतो, आणि तो नवा नियमकर्ता कुणी निवडून दिलेला नसतो. उपाशी माणसाला नोकरी आणि मूलभूत हक्क यांतले एक निवड म्हटले तर तो काय निवडेल, असा त्यांचा साधा प्रश्न आहे. त्यामुळे मालकाच्या हुकूमशाहीपासून वाचवणे हेही लोकशाहीचेच काम ठरते.

हे वाचून उसाच्या फडात या. नवरा-बायको मिळून एक कोयता. कामगाराची मोजणीही माणसाने होत नाही, हत्याराने होते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोरीचे लग्न असते, दवाखाना असतो, तेव्हा मुकादम उचल देतो. ती कुठल्या कराराने? कित्येकदा कोऱ्या कागदावरच्या सहीने किंवा अंगठ्याने. मग हंगामभर टनामागे जी मजुरी पडेल ती उचलीतून वजा. पहाटेच्या अंधारात तोड सुरू, वाहन आले की रात्री-अपरात्री मोळ्या भरायच्या. आजारी पडून एक दिवस घरी राहिले तर खाडा धरायचा. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर. फड सोडून पळाले तर मुकादम येतो, कधी बैल नेतो, कधी माणूस. सरकार नसलेल्या बाजाराचा करार वाचायचा असेल तर तो इथे आहे.

या माणसाचा मालक कोण, हा प्रश्न विचारून पाहा. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो, मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम म्हणतो, मी गावातलाच, मी कसला मालक? शेतकरी म्हणतो, तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कारखाना माझ्या एफआरपीतून कापतो, म्हणजे पैसे माझे, पण माणसे कारखान्याची. चौघेही आपापल्या जागी खरे बोलतात आणि चौघांच्या खरे बोलण्यातून मालक नाहीसा होतो. मालकच नाही म्हटल्यावर भविष्य निर्वाह निधी कुणी भरायचा, अपघाताची भरपाई कुणी द्यायची, बाळंतपणाची रजा कुणाकडे मागायची?

कायदे नव्हते असेही नाही. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा, आणि त्यात उचल देऊन माणसाचे जाण्या-येण्याचे स्वातंत्र्य हिरावणे हे वेठबिगारीच्या व्याख्येत बसते. स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा, पण तो आंतरराज्य. आष्टीचा मजूर बेळगावला गेला तर तो स्थलांतरित, कोल्हापूरला गेला तर कायद्याच्या दृष्टीने तो जणू घरीच बसला आहे! अंतर बघाल तर फारसा फरक नाही.

आणि मजुरी कशी ठरते? उसाचा भाव राजपत्रात छापून येतो. तोडणीचा दर मात्र साखर संघ आणि कामगार संघटनांच्या बैठकीत, संप झाल्यावर, लवादाने ठरतो. गोपीनाथ मुंडे आणि शरद पवार यांच्या लवादाच्या आठवणी जुने कामगार अजून सांगतात. २०२४ च्या जानेवारीत तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही अशाच वाटाघाटीत. वाढ झाली हे चांगले, आणि ज्यांनी संप केला त्यांचे ते श्रेय आहे. गोपीनाथरावांनी या माणसांचा प्रश्न मुंबईपर्यंत नेला, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण फरक समजून घ्या. शेतकऱ्याला १४ दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर तो कायद्याचे कलम दाखवतो. कामगाराला ठरलेला दर मिळाला नाही तर तो कोणते कलम दाखवणार? तो फक्त नेत्याच्या वाड्यावर जाऊ शकतो. एकाकडे हक्क आहे, दुसऱ्याकडे ओळख.

याच जागी बायकांच्या अंगावर काय येते ते स्वतंत्रपणे लिहावे लागते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीन टक्क्यांच्या आसपास होते. पाळीच्या दिवसांत खाडा नको, फडात पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून जाते म्हणून खासगी दवाखान्यात गेले तर कॅन्सरची भीती आणि ऑपरेशनचा सल्ला, ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीतून. इथे कुणी कुणावर बळजबरी केली नाही असेच सगळे सांगतील. बाजारात दोन्ही बाजूंनी स्वखुशीनेच व्यवहार होत असतो.

आता ९० वर्षे मागे जा. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण त्या बाईच्या कष्टातून नफा मिळवणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाचा, कारखान्यातल्या आठवड्याच्या ५४ ऐवजी ४८ तासांचा, मालक-मजूर-सरकार यांच्या त्रिपक्षीय परिषदांचा पाठपुरावा केला. गिरणीतल्या बाईला जे १९२९ मध्ये मिळाले, ते त्याच राज्यातल्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्या बाईला २०१९ मध्येही नव्हते. कारखान्याच्या फाटकाच्या आत असलेल्याला कायदा, फाटकाबाहेर ऊस तोडणाऱ्याला मुकादम.

हे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. महामंदीनंतर अमेरिकेत रूझवेल्टच्या सरकारने कामगारांसाठी मोठे कायदे केले, संघटनेचा हक्क देणारा १९३५ चा, किमान वेतनाचा १९३८ चा. त्यांना जगभर आधुनिक कल्याणकारी राज्याची सुरुवात मानतात. पण दोन्ही कायद्यांतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतले काळे लोक त्या काळात मोठ्या संख्येने नेमकी हीच दोन कामे करत होते, आणि दक्षिणेतल्या गोऱ्या प्रतिनिधींची मते सरकारला हवी होती. शेतमजुरांना किमान वेतनाच्या कायद्यात अंशतः जागा मिळायला १९६६ उजाडले. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेही लिहावा लागला नाही. आपल्याकडेही ‘जात’ हा शब्द न लिहिता हे काम नीट होते.

काही मित्र इथे म्हणतात, सरकार म्हणजे तरी कोण? तेच कारखानदार, तेच मंत्री, तेच बँकेचे संचालक. त्यांच्या हातात आणखी सत्ता द्यायची? आक्षेप खोटा नाही. राज्य सहकारी बँकेवर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने प्रशासक नेमावा लागला, आणि कितीतरी सहकारी कारखाने लिलावात खासगी हातात गेले, हे आपण पाहिले आहे. पण बाबासाहेबांना हे कळत नव्हते असे वाटते का? म्हणूनच त्यांची मागणी फक्त ‘सरकारने करावे’ अशी नव्हती. ही अर्थरचना घटनेतच लिहा, म्हणजे विधिमंडळात बहुमत मिळवणारा कुणीही ती बदलू शकणार नाही, अशी होती. जे सरकारच्या मर्जीवर अवलंबून आहे ते मर्जीबरोबर जाते. घटना समितीने ते मान्य केले नाही. त्यातले थोडे मार्गदर्शक तत्त्वांत आले, जिथे न्यायालयात दाद मागता येत नाही.

तरीही या राज्यात दोन वेळा असे झाले की सरकारने मजुराच्या बाजूने बाजारात पाऊल टाकले आणि ते कायद्याने टाकले. पहिले रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात, मराठवाडा होरपळत असताना, १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी त्याआधीच सांगली जिल्ह्यात हा प्रयोग केला होता. दुष्काळानंतर विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम, नाहीतर भत्ता. पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवरच्या व्यवसाय करातून मोठा भाग. म्हणजे मुंबईच्या पगारातून बीडच्या खडीवर मजुरी. रोहयोचे काम गावात चालू असले की मोठा शेतकरी मजूर मिळत नाही म्हणून कुरकुरायचा, ही त्या योजनेला मिळालेली सगळ्यात खरी पावती. उणीवही होती. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, विहिरी ज्यांच्या जमिनीला लाभल्या ते जमीनवाले, दगड फोडणाऱ्याच्या हातात रोज संपणारी मजुरी. आणि उचल घेण्याच्या नेमक्या दिवसांत, भर पावसाळ्यात, कामे बंद.

दुसरे उदाहरण माथाडी कायद्याचे, १९६९ चे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हमालांनी तो मिळवला. हमालालाही एक मालक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. कायद्याने तो प्रश्न सोडवला. मंडळ केले, मालकांची आणि हमालांची नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत, त्यावर लेव्ही, त्यातून भविष्य निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. आज त्या कायद्याच्या अंमलबजावणीत दोष आहेत, गुंडगिरीच्या तक्रारीही आहेत. पण मालक सापडत नाही ही सबब विधिमंडळाने पन्नास वर्षांपूर्वी मोडून काढली होती, हे त्यातून सिद्ध होते. मार्केट यार्डात जे जमले ते साखर कारखान्यात जमणार नाही असे म्हणायला काही कारण नाही.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले. सामाजिक न्याय विभागाखाली ते आणले गेले, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून, अशी निधीची सोय ठरली. संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली. यातले जे उभे राहील त्याचे आम्ही स्वागतच करू, पोरगी वसतिगृहात राहिली तर तिचे लग्न दोन वर्षे तरी लांबते. २०१९-२१ च्या पाहणीत या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले होते, आणि कोयत्याला जोडी लागते हे त्याचे एक मोठे कारण. पण महामंडळ योजना देते. मजुरी कारखान्याने थेट कामगाराच्या, आणि बाईच्या मजुरीचा अर्धा वाटा बाईच्याच खात्यावर टाकावा, असे बंधन ते घालू शकत नाही. त्याला माथाडीसारखा कायदाच लागेल.

जमिनीचेही तेच. मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून एकनाथ आवाड यांनी याच जिल्ह्यातून गायरानाचा लढा मराठवाडाभर नेला. १९९१ च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. ज्यांच्या नावाने सातबारा झाला त्यांच्या घरातला कोयता हळूहळू सुटला, जीजांनी पाहिलेला हिशेब हाच होता. ज्यांचे झाले नाही ते अजून दंडाच्या पावत्या जपून ठेवतात, कारण तेवढाच पुरावा. त्यांच्या फायली हलत नाहीत आणि सौर प्रकल्पांसाठी त्याच गायरानांची मोजणी मात्र वेळेत होते.

सरकार आता फडातही उतरले आहे. २०२२-२३ पासून ऊस तोडणी यंत्राला अनुदान सुरू झाले, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती, आणि राज्यात ९०० यंत्रांचे लक्ष्य. यंत्राला आमचा विरोध नाही, पाठीवर मोळी वाहणे ही कुणाची संस्कृती नव्हे. पण एका यंत्रामागे ३५ लाख देताना त्या यंत्राने ज्यांचे काम जाईल त्या कोयत्यांची मोजणी कुणी केली आहे का? त्यांना ओळखपत्र, पर्यायी काम, गायरानाचा सातबारा, उचलीतून मुक्तता, यातले काय आणि कोणत्या कायद्याखाली मिळणार? येत्या हंगामाच्या उचली या पावसाळ्यात वाटल्या जातील. त्याआधी बीडच्या अकराही तालुक्यांत तहसीलदारांपुढे हा प्रश्न लेखी मांडायचा, ग्रामसभेत ठराव करून प्रत्येक गावातल्या कोयत्यांची, मुकादमांची आणि ते कोणत्या कारखान्याला जातात त्याची यादी करायची, असे आम्ही ठरवले आहे. फॉर्मचा नमुना तयार आहे. ज्या गावातल्या कार्यकर्त्यांना हवा त्यांनी कळवावे. जय भीम.